बिनरंगी उजेड

बारक्याला बारक्या म्हणण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. पन्नाशी उलटलेली, दारातून आधी पोट आत यायचं आणि मग माणूस. पण घरात पडलेलं नाव वजन वाढलं म्हणून थोडंच सुटतं? रंगखान्यातले लोक त्याला मालक म्हणत, बाहेरचे शेठ म्हणत, आणि त्याची थोरली बहीण मात्र भर कामगारांसमोर "अरे बारक्या" अशी हाक मारी. तिला सगळा रंगखाना बाई म्हणायचा. तिनं जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं होतं, आणि शिकवणारीची ही पदवी निवृत्तीनंतरही कोणी परत घेत नाही. आपणही बाईच म्हणू.

त्या दिवशी सकाळी बारक्या पांढराशुभ्र इस्त्रीचा शर्ट घालून आला. रंगखान्यात पांढरं घालून कोणी येत नाही. दिवस मावळेपर्यंत त्यावर काय उमटेल याचा नेम नसतो. पण दुपारनंतर रोपवाला पाणी बघायला येणार होता, आणि बारक्याच्या मते पाणी पास झाल्यातच जमा होतं.

"ताई, आज तू सुटलीस बघ," तो म्हणाला.

बाई मागच्या अंगणातल्या शेडमध्ये लाकडी स्टुलावर बसल्या होत्या. सुटणं हा शब्दच त्यांना फार गोड लागला. तापातून उठून अजून अंगात ताकद आली नव्हती. चहा कडू लागत होता, बोलायचं जिवावर येत होतं. आज रोपवाल्यानं होकार दिला की उद्या सकाळच्या गाडीनं त्या लेकीकडे जाणार होत्या. लेकीचे दिवस भरत आले होते. पहिलंच बाळंतपण, घरात मोठं माणूस नाही, आणि बाई कित्येक महिने फोनवर एकच वाक्य म्हणत होत्या, "पाणी पास झालं की निघते." लेक आधी आधी "कधी गं?" असं विचारायची. हल्ली नुसतं "बरं" म्हणायची. त्या "बरं"ची बाईंना धास्ती वाटायला लागली होती.

रोपवाल्याचं प्रकरण असं. रंगखान्याचं सांडपाणी मागच्या चरातून जायचं, आणि तोच चर पुढे रोपवाल्याच्या वाफ्यांना लागायचा. एके दिवशी रोपवाला हातात एक रोप घेऊन कचेरीत आला. माती झटकून त्यानं ते टेबलावर ठेवलं. मुळं गुलाबी होती. आणि कुठली गुलाबी, तर त्या हंगामात बारक्याच्या कापडाची सगळ्यात जास्त खपलेली गुलाबी. बारक्यानं ती लांबूनच ओळखली. "तुमची वस्तू होती, परत आणून दिली," एवढंच म्हणून रोपवाला गेला. भांडला असता तर बारक्या त्याला भारी पडला असता. पण जो भांडतच नाही त्याच्याशी माणसानं करायचं काय? दुसऱ्या दिवशी रोपवाल्यानं आपल्या बाजूची झडप पाडली आणि वर फळी ठोकली. तेव्हापासून पाणी मागच्या हौदात साठायचं, आणि हौद भरला की पाणी आटेपर्यंत रंगाच्या भट्ट्या थंड कराव्या लागायच्या.

मग बारक्या बहिणीकडे आला. बाई नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. "ताई, तू एवढी शिकलीस, या रंगाचं काहीतरी कर ना," तो म्हणाला. बाई म्हणाल्या, "बघते." त्या एका "बघते"नं तीन वर्षं खाल्ली.

मागच्या अंगणात पत्र्याची शेड उभी राहिली. रंगखान्यात शेड दोन, एक पत्र्याची आणि एक रंगाची, म्हणजे छटा. पत्र्याच्या शेडमध्ये काय चालतं ते बारक्याला कधी कळलं नाही, पण रंगाच्या शेडमध्ये त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. कापडाची चिंधी दाखवा, संध्याकाळी तीच शेड तागाभर उतरलेली. तर त्या पत्र्याच्या शेडमध्ये पायऱ्यांसारख्या उतरत्या चार पन्हळी होत्या. पन्हळींत भाजक्या मातीच्या गोट्या, गोट्यांवर एका पांढऱ्या पुडीचा भाजून पक्का केलेला लेप, आणि वर उजेडाच्या नळ्या. हौदातलं रंगीत पाणी पहिल्या पन्हळीत सोडायचं, ते झिरपत झिरपत चौथीतून नळाला यायचं. नळ्यांचा उजेड पडला की ती पूड जागी होते आणि चिकटलेल्या रंगाचे तुकडे तुकडे करून टाकते, हे त्यातलं मर्म. कामगारांना बाई सोपं करून सांगत, "पिणं गोटीचं, पचवणं उजेडाचं."

लोकांनी चेष्टा करायची ती केलीच. नात्यातलं कोणी विचारलं, "ताई सध्या काय करते?" की घरचेच सांगायचे, "गोट्या खेळते." मुकादम तर रोज सकाळी शेडच्या दारात डोकावून विचारायचा, "काय बाई, आज काय उजेड पाडणार?" वर पुन्हा म्हणायचा, "सगळे लोक रंगाचा बेरंग झाला म्हणून रडतात, आमच्या बाई बेरंग व्हावा म्हणून रडतात." पहिल्या वर्षी बाई हसायच्या. पुढं लेप धुऊन गेला, मग गोट्या फुटून चिखल झाला, मग पाण्यातल्या मिठानं सगळं अडवून धरलं, आणि हसणं कधी बंद झालं ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. तरी शेवटी जमलं होतं. नळाला चांगलं पाणी येऊ लागलं होतं. आणि नेमक्या तेव्हाच नळ्या म्हाताऱ्या झाल्या, एकेक करून विझत चालल्या, आणि बाई तापानं आडव्या झाल्या.

तसल्या नळ्या इथं मिळत नाहीत. लांबून मागवाव्या लागतात, यायला महिना-दीड महिना जातो. बारक्याला तेवढा धीर कुठला? ताई उठून येईपर्यंत सगळं तयार असावं, तिनं यावं आणि बघतच राहावं, असं त्याच्या मनात आलं. एक जुनी, अजून कशीबशी जळणारी नळी बगलेत मारून तो बाजारभर हिंडला. दुकानादुकानात ती पेटवायची, शेजारी दुकानदाराची नळी पेटवायची, डोळे बारीक करून बघायचं, मान हलवायची, पुढचं दुकान. लोकांचा जीव खाल्ला. पण आणल्या.

"शेडला शेड मिळवून आणल्यात," काल त्यानं बाईंना सांगितलं होतं. "जुनी आणि नवी शेजारी लाव, तुला ओळखू आली तर माझं नाव बदल. शिवाय या डोळ्यांना चावत नाहीत. चष्म्याची कटकट गेली."

बाईंनी काल नळाखाली पेला धरला. पाणी निवळशंख होतं. आयुष्यभर त्यांनी पोरांना ओरडून सांगितलं होतं, की हवं ते उत्तर आलं की दुप्पट तपासा. स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यांनी पेला दाराच्या उजेडात धरला, डोळे पुसले आणि लेकीला फोन लावला, की परवा येतेय. चूक धरायची तर एवढीच. दमलेल्या माणसाला चांगली बातमी मिळाली की तो ती उलटून बघत नाही.

आता बारक्या नळ्यांखाली उभा राहून पन्हळी न्याहाळत होता आणि बाई स्टुलावरून त्याच्याकडे बघत होत्या. काहीतरी कमी वाटत होतं. दाराला कडी लावली का नाही, असं घरातून निघाल्यावर वाटतं ना, तसं. मग त्यांच्या ध्यानात आलं. या शेडमध्ये पांढरे कपडे पेटायचे. जुन्या नळ्यांखाली गेलं की धुतलेला शर्ट, रुमाल, इतकंच काय माणसाचे दातसुद्धा आतून दिवा लावल्यागत चमकायचे. मुकादम नुसत्या बनियनवर आत आला तर बाकीचे भूत भूत म्हणून ओरडत बाहेर पळायचे. आणि आज बारक्याचा एवढा नवाकोरा, एवढा ऐसपैस शर्ट नळीखाली होता आणि नुसता निळा पडला होता. चादर वाळत घालावी तसा.

"अरे, जरा नळीच्या अगदी खाली ये."

"का? फोटो काढतेस?"

"ये म्हटलं ना."

तो आला. हसला. दात साधेच दिसले.

बाईंना कळलं, आणि आपल्याला हे कळायला नको होतं असंही त्याच क्षणी वाटलं. पचवणारा उजेड डोळ्यांना दिसतच नाही. जुन्या नळ्यांतून दिसायचा तो निळा-जांभळा रंग म्हणजे वरवरची ओळख. खरं काम करायचा तो त्यापलीकडचा, बिनरंगी उजेड, आणि त्याच्याच जोरावर पांढरे कपडे चमकायचे. बारक्यानं दिसणारा रंग जुळवला होता, आणि अचूक जुळवला होता. रंगाऱ्यानं दुसरं काय जुळवायचं असतं? दुसऱ्या कोणी दुकानात जाऊन नळीचा नंबर तरी विचारला असता. पण ज्याची नजर आजवर कधी फसली नाही तो नंबर कशाला विचारेल?

"काय झालं?" बारक्यानं विचारलं.

"काही नाही. तू जा, चहाचं बघ."

तो गेल्यावर बाईंनी दुसऱ्या पन्हळीतल्या मूठभर गोट्या उचलल्या. निळ्या उजेडात त्या मळकट, काळपट दिसत होत्या, काजळी बसल्यागत. उन्हात नेऊन हात उघडला. लालभडक. तिसऱ्या पन्हळीतल्या गुलाबी झाल्या होत्या. चौथीतल्या तेवढ्या अजून पांढऱ्या होत्या. म्हणजे गोट्या नुसत्या पीत होत्या. नव्या, कोरड्या, भाजक्या मातीच्या गोट्या, बाईंनी तापाच्या आदल्याच आठवड्यात भरलेल्या. त्यांना तहान काही कमी नव्हती. पण पोटात घेतलेलं पचत नव्हतं, तसंच साचत चाललं होतं, आणि पोटं भरली की हाच रंग जसाच्या तसा रोपवाल्याच्या मुळांशी जाणार होता.

तरी त्यांनी खात्री करून घेतली. आशा चिवट असते, आणि दमलेल्या माणसाची तर जरा जास्तच. चौथ्या पन्हळीतल्या पांढऱ्या गोट्या दोन बरण्यांत सारख्या घातल्या, हौदातलं पाणी सारखं ओतलं. एक बरणी नळीखाली उघडी ठेवली, दुसरी काळ्या फडक्यात गुंडाळून तिच्या शेजारीच. आणि बसून राहिल्या. अंधारातली बरणी मागं राहिली तर उजेड काम करतोय. दोन्ही सारख्याच निवळल्या तर उजेड असून नसल्यासारखा. बाईंनी आयुष्यात देवाला फारसा त्रास दिला नव्हता, पण त्या बसल्या जागी त्यांनी मनात म्हटलं, की या एका बरणीपुरतं ऐक. उन्हं पत्र्यावर चढली. पत्रा तापून कडकड वाजायला लागला. फडकं सोडलं तेव्हा दोन्ही बरण्यांत सारखंच पाणी होतं, एकसारखं, स्वच्छ. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

कचेरीत बारक्या चहा घेऊन वाट बघत होता. बाईंनी दार लोटलं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"बारक्या, नळ्या चुकल्यात."

"चुकल्यात म्हणजे? पाणी बघितलंस ना काल?"

"पाण्यातला रंग गोट्यांनी प्यायलाय. पचवलेला नाही. तीन पन्हळी भरत आल्यात. चौथी भरली की रंग नळाला येणार."

"कधी?"

"आठवडाभरात. फार तर थोडा उशीर."

बारक्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "पण मी शेड मिळवली होती ताई."

"मिळाली रे. शेड अगदी बरोबर आहे. पण त्या उजेडाला शेडच नसते."

हे त्याला कुठं लागलं ते बाईंना दिसलं. त्याच्या नजरेवर हा रंगखाना उभा होता. गिऱ्हाईकं मोठमोठ्या कारखान्यांची यंत्रं सोडून त्याच्याकडे यायची ती त्या नजरेसाठी. तापात पडलेल्या बहिणीसाठी तीच नजर घेऊन तो दुकानं पालथी घालत फिरला होता. रागवावं असं त्यात काही नव्हतं, आणि रागवायला कोणी नसलं की थकवा दुप्पट होतो.

"एक सांग," तो म्हणाला. "आजचं पाणी चांगलं आहे की नाही?"

"आहे."

"खरं?"

"खरं. आज त्यात रंग नाही."

"मग आज आजचं सांग ना. नळ्या मी आत्ताच मागवतो. तो विचारेल, पाणी कसं आहे? तू म्हण, चांगलं आहे. यात खोटं आहे काही?"

"नाही."

"मग?"

बारक्या पुढं झुकला, आवाज उतरवून म्हणाला, "ताई, माझ्या भट्ट्यांचं राहू दे बाजूला. पोरगी तिकडे एकटी आहे. किती वेळा शब्द फिरवलास तू तिच्यापाशी? आज नाही म्हणालीस तर अजून दोन महिने. तोवर तिचं बाळ रांगायला लागेल."

दोन महिन्यांत बाळ रांगत नाही, हे बारक्याला दोन पोरांचा बाप असून माहीत नव्हतं. पण बाकीचं सगळं खरं होतं. आणि तो लबाडीनं बोलत नव्हता, मायेनं बोलत होता, म्हणून ते जास्त जड गेलं. खोटं बोलायला अंगात बळ लागतं असं लोक म्हणतात. बाईंना उलटंच वाटलं. खोटंसुद्धा नव्हतं ते. एक खरं वाक्य म्हणायचं, तोंड मिटायचं आणि उद्या गाडीत खिडकीशी डोकं टेकायचं. गाडीची ती खिडकी त्यांना इतकी स्पष्ट दिसली की डोळ्यांत पाणी आलं.

"बघते," त्या म्हणाल्या.

रोपवाला आला तो कामाच्या कपड्यांत, नखांत माती तशीच. पायातल्या चपला शेडच्या बाहेर काढायला लागला, तेव्हा मुकादमानं अडवलं, की इथं सगळं ओलं आहे. बारक्यानं स्वतःच्या हातानं नळाखाली पेला भरून त्याला दिला. त्यानं पेला डोळ्यांसमोर धरला, वास घेतला, बोट बुडवून अंगठ्यावर चोळलं.

"पाणी छान झालंय," तो म्हणाला.

"छानच आहे!" बारक्या म्हणाला. "विचारा ना बाईंना. पाणी कसं आहे, विचारा."

"ते दिसतंयच की. मला यंत्रातलं काही कळत नाही, शेठ. मी निघतानाच फळी काढून आलोय. म्हटलं, बाईंनी बोलावलंय म्हणजे झालं असणार." मग तो बाईंकडे वळला. "बाई, सोडू का वाफ्यांत?"

बारक्यानं घोकून घेतलेला प्रश्न त्यानं विचारलाच नाही. पाणी कसं आहे याला उत्तर तयार होतं, खरंखुरं, ओठावर आलेलं. सोडू का, याला ते लागू पडेना. बाईंनी बारक्याकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. मुकादम, दोन-चार कामगार, सगळे दारात गोळा झालेले. नळ आपला वाहत होता, स्वच्छ.

"नको," बाई म्हणाल्या.

मग पुढचंही त्यांनीच सांगितलं. "आजचं चांगलं आहे. पुढच्या आठवड्यातलं नसेल. रंग गेलेला नाही, आत दडलाय, तो पुन्हा येईल. माझ्याकडून नळ्या तपासायच्या राहिल्या. माझं चुकलं."

"नळ्या मी आणल्या," बारक्या म्हणाला. हळू बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "ताई आजारी होती. माझी नजर... मी रंगावरून घेतल्या."

रोपवाल्यानं पेला पन्हळीच्या काठावर नीट ठेवला. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"किती दिवस?"

"दोन महिने धरा. नळ्या आल्या की आधी अंधारात तपासेन, मग उजेडात, आणि मगच बोलावेन."

"बरं," तो म्हणाला. तेच लेकीचं "बरं", कुठलीच आशा नसलेलं. "फळी ठोकतो परत. खिळे वाकलेत, नवे बघायला लागतील." जाता जाता थांबला. "बाई, बसा जरा. चेहरा पार उतरलाय तुमचा."

तो गेल्यावर बारक्यानं भट्ट्या बंद करायला सांगितल्या. हौद काठोकाठ होता, दुसरा इलाज नव्हता. वाफ थांबली, पट्टे थांबले, आणि रंगखाना एकदम इतका गप्प झाला की कुठंतरी टपटपणारा नळ ऐकू यायला लागला. मुकादम हात पुसत शेडच्या दाराशी आला. "आज मात्र बाईंनी खरंच उजेड पाडला," तो म्हणाला. टोमणा होता की कौतुक, ते त्याचं त्यालाही ठरवता आलं नसावं. कोणी हसलं नाही. एकेक जण डबा उचलून घरी गेला.

बाई शेडच्या पायरीवर बसल्या. बारक्या शेजारी येऊन बसला. त्याच्या शर्टाच्या बाहीला लाल डाग पडला होता.

"गोट्या आता टाकून द्यायच्या?" त्यानं विचारलं.

"टाकून कशाला? उन्हात पसरायच्या. उन्हातही तो उजेड असतो, थोडा. हळूहळू पचवतील. रोज उलटपालट करायला लागेल, पाणी मारायला लागेल. मी बघते."

"तू काय बघतेस?"

"गोट्या."

"ऊन तू आणणार आहेस का?" बारक्या एकदम उसळला. "ताई, नळ्या येईपर्यंत इथं आहे काय? भट्ट्या थंड, माणसं घरी. कुलपाची राखण करत बसणार आहेस? गोट्या उलटायला काय कॉलेजात जायला लागतं? मी उलटेन!"

तीन वर्षं रोज काहीतरी होतं. आज लेप, उद्या मीठ, परवा नळी. रोज असं काही, की त्याच्याकडे बोट दाखवून आत्ता नको म्हणता यावं. आज पहिल्यांदा बोट दाखवायला काही नव्हतं. पाणी सुधारलं की आपण मोकळ्या होऊ, असं बाई धरून चालल्या होत्या. पाणी बिघडलं, तरी मोकळ्याच होत्या. कदाचित मधल्या कुठल्याही महिन्यात जाऊन येता आलं असतं. हे मनात आलं आणि त्यांना इतकी लाज वाटली, की भावाकडे बघवेना.

"आणि पांढऱ्या दिसल्या म्हणून मी पास म्हणणार नाही," बारक्या म्हणत होता. "ती अंधारातली बरणी काय असते ती जायच्या आधी शिकव मला. माझ्या डोळ्यांवर आता माझाच विश्वास नाही."

"डोळे चांगले आहेत तुझे."

"असू देत. फोन लाव आधी."

लेकीनं पहिल्याच घंटेला उचलला.

"काय गं आई, पाणी पास झालं?"

"नापास."

पलीकडून श्वास सोडल्याचा आवाज आला. मग, "बरं."

"बरं म्हणू नकोस. मी येतेय. उद्या सकाळच्या गाडीनं."

"पण पाणी...?"

"पाणी राहू दे."

पलीकडून अगदी बारीक आवाज आला, लहानपणी परीक्षेत मार्क कमी पडले की यायचा तसा.

"आई, आता उद्याचं तिकीट मिळायचं नाही गं. गाडी भरली असणार. काल तू म्हणालीस तेव्हा मिळत होतं, मी काढणार होते. पण मला वाटलं, तू काही यायची नाहीस. म्हणून मी काढलंच नाही."

बारक्यानं मान वळवून दुसरीकडे बघितलं. बाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"उभ्यानं येते," त्या म्हणाल्या.